मसनात नेता कायले?

"पाव्हणे आले का त्याइले रामटेक दाखवाचं सोडून तुमी मसनात नेता कायले?" गावात वर्षातून दोनदा तरी हे ऐकतो. आता तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगतो.

मसन म्हणजे जुनापाणी. नागपूरहून काटोल रोडनं निघालं की बरडावर काळ्या धोंड्यांची वर्तुळं दिसतात, तीनेकशे असतील. १८७९ मध्ये रिव्हेट-कार्नॅक या इंग्रज अधिकाऱ्यानं त्यांतली काही खणून पाहिली. लोखंडाच्या काळातली दफनं, दोन-अडीच हजार वर्षांपूर्वीची. काही धोंड्यांवर वाटीएवढे खळगे कोरलेत. कशासाठी, ते पाहुणे मलाच विचारतात!

मला त्या धोंड्यांचं वजन दिसतं. एकट्यादुकट्याला हलायचे नाहीत. ओढून आणायचे, गोल मांडायचे, आत गोटेमाती भरायची. गेलेल्या माणसापायी अख्ख्या वस्तीच्या हाताला काम. आम्ही आता जाळतो, तरी घरातून निघताना "मातीले चाललो" असंच म्हणतो. सरणावर जो तो गोवरीचा एक तुकडा टाकतो.

बाबा गेले तेव्हा मी परगावी होतो. पोचलो तो राख सावडायलाच. माझा तुकडा राहून गेला. त्याची भरपाई म्हणून की काय, तेरवी मी दणक्यात केली. बुंदी, वांग्याची भाजी, पाच गावांच्या पंगती, आणि सगळं उसनवारीवर. कर्ज काढून असले सोहळे करू नका म्हणून गाडगेबाबा याच मुलखात घसा कोरडा करून गेले, आणि बाबा त्यांचे भक्त! दुसऱ्या महिन्यात बाबांची बैलजोडी विकली.

जुनापाणीच्या जवळच माहुरझरी. तिथल्या वर्तुळांत माणसांसोबत घोडे सापडले, तोंडावर तांब्याचा साज असलेले. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला पोळ्यातलं बाशिंगच आठवलं. घोडा मारूनच पुरला असेल, त्याचं मला कौतुक नाही. पण साज कुणी उतरवून घेतला नाही.

आमच्या जोडीचं दावं व्यापाऱ्यानं हातात घेतलं, तेव्हा घुंगरमाळा मी काढून घेतल्या. पितळेच्या आहेत, भाव आला असता. त्या अजून खुंटीला आहेत. पोळ्याच्या दिवशी आई त्या चिंचेनं घासते, वाळवते आणि परत खुंटीला अडकवते.