पेशंटना काय विचारायचं?

"मधुमेहाचं ॲप करताय ना, मग डॉक्टरांना विचारा. पेशंटना काय विचारायचं?" सांगलीत ओळखीचं कुणीही भेटलं की हा प्रश्न येतोच. मिरजेसारखं दवाखान्यांचं गाव शेजारी आहे, त्यामुळे तो साहजिकही आहे. तुम्हीही विचारलंत, म्हणून जरा सविस्तर सांगते.

डॉक्टरांना आम्ही विचारतोच. पण ते पेशंटला बघतात महिन्या-दोन महिन्यांतून थोडा वेळ. एचबीएवनसी तपासणी मागच्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देते, पण ते महिने कसे गेले हे रिपोर्टवर छापून येत नाही.

म्हणून ॲप कसं असावं हे आम्ही पेशंटसोबत बसून ठरवतो. त्या बैठकीला तासगावकडच्या एक मावशी येतात, द्राक्षबागेत कामाला जाणाऱ्या. स्क्रीनचा कागदी नमुना समोर होता: नाश्ता, दुपारचं जेवण, रात्रीचं जेवण, असे तीन चौकोन. पहिल्या चौकोनावर बोट ठेवून त्या म्हणाल्या, "ह्यात काय लिहू? सकाळी नुसता च्या घेऊन जाते. भाकरी अकराला, बागंतच." त्यांची गोळी मात्र नाश्त्याआधीची, ग्लिमेपिराइड. ती पोटात गेली की स्वादुपिंड जास्त इन्सुलिन सोडायला लागतं, भाकरी येवो न येवो. दहाच्या सुमाराला मावशींना दरदरून घाम फुटायचा, हात थरथरायचे. ऊन लागलं असेल म्हणून त्या सावलीला बसायच्या. खरं तर ती साखर उतरल्याची लक्षणं. डॉक्टरांना कळल्यावर त्यांनी गोळीची वेळ पहिल्या भाकरीशी बांधून दिली. आता ॲप सुरू केलं की पहिला प्रश्न तोच येतो: दिवसातलं पहिलं खाणं किती वाजता?

अशी किती उदाहरणं सांगू! शेतीपंपाची लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रभर उसाला पाणी पाजून पहाटे झोपलेल्या माणसाला ॲपनं सकाळी सातला करून दिलेली आठवण काय कामाची? रक्तातली साखर ७० च्या खाली गेली तर १५ ग्रॅम साखर लगेच खायची आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचं, हा नियम पुस्तकातला. ती साखर बांधावर खिशात कुठल्या रूपात राहील, ते शेतकऱ्यांनी सांगितलं: गुळाचा खडा, नाहीतर ग्लुकोजची पुडी.

आणि लाल रंग. वाढलेली साखर लाल दाखवायची, असं आमच्या मनात होतं. एक निवृत्त गुरुजी म्हणाले, "लाल दिसलं की दुसऱ्या दिवशी मी आकडा भरणारच नाही." बाकीच्यांनी माना डोलावल्या. मला हे फार मोलाचं वाटतं, कारण नेमका तोच आकडा डॉक्टरांना हवा असतो. आता रंग नाही, "काल काही वेगळं झालं का?" एवढंच विचारतो. उपास, लग्नाचं जेवण, चुकलेली गोळी, लोक मोकळेपणानं सांगतात.

वापरणाऱ्यांना सुरुवातीपासून सोबत घेण्याची ही रीत १९७० च्या दशकात नॉर्वेतल्या लोखंड-धातू कामगारांच्या संघटनेनं संगणकतज्ज्ञांसोबत रुजवली. कारखान्यात येणाऱ्या संगणकाबद्दल आपलंही ऐकलं जावं, ही त्यांची मागणी होती. आमच्या पेशंटचा तोच हक्क आहे, असं मी मानते.

सध्या वाद चाललाय तो आकडे कुणाला दिसावेत यावर. पुण्यातल्या मुलाला आपोआप जावेत, असं मुलं म्हणतात. आयांना ते नको आहे: "आधी मला विचारा, मग पाठवा." आम्ही आयांचं ऐकायचं ठरवलंय.