भाचीच्या पहिल्या घरासाठी तीन झाडं

पाऊस सुरू झाला आणि माझी भाची नागपुरात मनीषनगरला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायला गेली. पहिल्याच रविवारी फोन आला, "मावशी, झाडं घ्यायची आहेत. पण मरणार नाहीत अशी सांग." ती सकाळी नऊला बाहेर पडते, रात्री आठला येते आणि महिन्यातून दोनदा आईकडे अमरावतीला जाते. हे सगळं धरूनच झाड निवडायला हवं होतं.

नर्सरीत जायच्या आधी मी तिच्या खिडक्या बघितल्या. हॉलची खिडकी पश्चिमेला. मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 च्या वर जातो, तेव्हा दुपारनंतर त्या काचेला हात लावता येत नाही. काचेला चिकटून ठेवलेलं पान तिथे करपणारच. बेडरूमची खिडकी उत्तरेला, आणि समोर दुसरी बिल्डिंग. उजेड आहे, ऊन नाही. घरातल्या बऱ्याच झाडांना असाच उजेड मानवतो.

माझं पहिलं स्नेक प्लांट माझ्याच हातून गेलं. नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते भाजून काढणारे नऊ दिवस, चालू होता. बाहेर लू, म्हणून मी झाडाला रोज तांब्याभर पाणी घालायचे. एक दिवस वाकलेलं पान सरळ करायला धरलं, तर ते बुडापासून हातात आलं. बूड जास्त पिकलेल्या केळ्यासारखं मऊ झालेलं, आणि वास तुंबलेल्या मोरीचा. मातीत बोट घातलं तर खालपर्यंत चिखल. मला किती तरी दिवस वाईट वाटत होतं. नर्सरीतल्या माळीकाकांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "ताई, हे झाड तहानेनं नाही मरत, पाण्यानं मरते."

कारण नंतर उमगलं. हॉलमध्ये कूलर दिवसरात्र चालू होता. गच्चीवरची तुळस उन्हाळ्यात दोन वेळा पाणी मागते, पण कूलरच्या दमट खोलीतली कुंडी आठवडाभर सुकत नाही. शिवाय मी कुंडीत आपली काळी माती भरली होती. ही माती कपाशीला सोनं आहे, पण कुंडीत ती पाणी धरून बसते, आणि सुकली की आक्रसून कडेला फट पडते. मग घातलेलं पाणी त्या फटीतून खाली निघून जातं, मुळं कोरडीच राहतात. आता मी लाल माती, कोकोपीट, चाळलेलं शेणखत आणि बरीचशी जाडी रेती मिसळते. कुंडीला खाली भोक हवंच.

भाचीसाठी नर्सरीत आधी घेतलं झेडझेड प्लांट. मूळचं पूर्व आफ्रिकेतलं. मातीखाली त्याला बटाट्यासारखे गड्डे असतात, त्यांत ते पाणी साठवतं. दोन-तीन आठवडे विसरलं तरी चालतं. महाग वाटतं, कारण वाढायला फार वेळ घेतं. ते बेडरूममध्ये गेलं. स्नेक प्लांट हॉलमध्ये, पण खिडकीपासून चार हात आत आणि कूलरच्या झोताच्या बाहेर. त्याचं पान आडवं कापून मातीत खोचलं की काही महिन्यांनी नवा कोंब येतो. पिवळ्या काठाच्या पानापासून आलेला कोंब मात्र नुसता हिरवा निघतो. माझ्याकडे तसे दोन आहेत, आणि मला ते तेवढेच आवडतात.

मनीप्लांट विकत घेऊ दिलं नाही. माझ्याच वेलाची फांदी पेराखाली कापून बाटलीत घालून दिली. मूळ पेरातूनच फुटतं, नुसतं पान ठेवून काही होत नाही. पाणी आठवड्याला बदलायचं, एवढंच. खालच्या मजल्यावरचं लहान बाळ तिच्याकडे रांगत येतं, म्हणून बाटली उंच फळीवर ठेवली. पान चावलं तर तोंडाची आग होते. झेडझेडचंही तेच.

तिचा जीव कॅलाथियावर जडला होता. पानांवरची नक्षी खरंच सुंदर, पण आपल्या फेब्रुवारी-मार्चच्या कोरड्या हवेत त्याच्या कडा तपकिरी होतात. पहिलं झाड डोळ्यांसमोर वाळत गेलं की माणूस पुन्हा झाड आणत नाही, म्हणून मी ठाम नाही म्हटलं. नर्सरीत 'हवा शुद्ध करणारी झाडं' अशी पाटीही होती. ही समजूत नासाच्या 1989 च्या अभ्यासावरून पसरली, पण तो अभ्यास बंद पेटीतला होता. उघड्या खिडक्यांच्या घरात चार कुंड्यांनी तसा फरक पडत नाही. झाड आवडतं म्हणून घ्यावं.

घरी आल्यावर स्नेक प्लांटची पिशवी फाडली. आत लाल चिकणमातीचा गोळा, विटेसारखा कडक. ही झाडं आंध्रातल्या कडियमहून येतात, असं माळीकाका म्हणाले होते. गोळा बादलीत भिजवून, बोटांनी हळूहळू मोकळा करायला आम्हा दोघींना अर्धा तास लागला. मुळं पांढरी आणि टणक होती. भाची ती बराच वेळ हातात धरून बघत होती.

काल रात्री तिचा मेसेज आला, "अकरा दिवस झाले. वरची माती कोरडी दिसते, पण बोट घातलं तर आत ओल लागते. पाणी देऊ?"

बाहेर पाऊस कोसळत होता. मी लिहिलं, "नको. पुढच्या रविवारी परत बोट घालून बघ."