तुम्ही विचारलेत म्हणून: चिनी गाडी पुन्हा घ्याल का?

हा प्रश्न मला दोन प्रकारे विचारला जातो. ज्यांना स्वतःला मोटारसायकल घ्यायची असते, ते खालच्या आवाजात विचारतात, की स्वस्तातली चिनी घ्यावी, की थोडे थांबून, पैसे साठवून नावाजलेल्या कंपनीचीच घ्यावी. ज्यांना काहीच घ्यायचे नसते, ते मात्र चारचौघांत विचारतात, "काय हो, एवढे कौतुक करत होतात त्या चिनी गाडीचे, मग आता ही दुसरी कशाला?" दोघांनाही मी आजवर तुटक उत्तरे देत आलो, कारण खरे उत्तर लांबलचक आहे आणि ते उभ्या उभ्या देता येत नाही. म्हणून एकदाच लिहून ठेवतो. मी फसलो होतो, हे माझ्या तोंडून ऐकण्यासाठी जे वाचत असतील, त्यांची निराशा होईल, हे आधीच सांगितलेले बरे.

मुळात प्रश्नाची मांडणीच मला मान्य नाही. 'चिनी' आणि 'नावाजलेली' हे दोन वेगळे कप्पे आहेत असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात बीएमडब्ल्यूच्या एफ ८५० जीएस या गाडीचे इंजिन चीनमधल्या लोन्सिन कंपनीने बनवले आणि सी ४०० एक्स ही स्कूटर तर पूर्णपणे तिथेच जोडली गेली. केटीएमची ७९० ड्यूक सीएफमोटो या चिनी कंपनीच्या कारखान्यातून बाहेर पडू लागली. हार्ले-डेव्हिडसनने २०२३ मध्ये आणलेली एक्स ३५० ही गाडी चियानजियांग या चिनी कंपनीची निर्मिती, आणि बेनेली हे जुने इटालियन नाव २००५ पासून त्याच चियानजियांगच्या मालकीचे आहे. गाडीचा चासी क्रमांक १७ अक्षर-अंकांचा असतो आणि चीनमध्ये बनलेल्या गाडीचा क्रमांक 'एल' या अक्षराने सुरू होतो. मला टोमणे मारणाऱ्या एका गृहस्थांना मी त्यांच्याच मोठ्या नावाच्या गाडीचा क्रमांक वाचायला लावला होता. ते वाचल्यानंतर त्यांनी विषय बदलला. तेव्हा देशाचा मुद्दा बाजूला ठेवू. चिनी कामगाराला बोल्ट आवळता येत नाही असे ज्यांना वाटते, त्यांच्याशी माझे बोलणेच संपते.

मग मी ती गाडी का घेतली? किंमत निम्म्याहून कमी होती, हे एक कारण झाले, आणि ते मी कधीच लपवलेले नाही. पण तेवढेच नव्हते. शिलाई मशीन दुरुस्त करणे हा माझा व्यवसाय आहे. यंत्र उघडल्यावाचून त्याच्याविषयी मत बनवायचे नाही, ही सवय त्यातूनच लागली. त्या गाडीच्या इंजिनावर '१५६ एफएमआय' असे कोरलेले होते. ज्यांना हे अगम्य वाटते त्यांच्यासाठी सांगतो: १ म्हणजे एक सिलिंडर, ५६ म्हणजे सिलिंडरचा व्यास मिलिमीटरमध्ये, एफ म्हणजे हवेवर थंड होणारे, एम म्हणजे मोटारसायकलसाठीचे, आणि शेवटचा आय म्हणजे १२५ सीसी. माझ्या गाडीतले हे इंजिन होंडाच्या सीजी १२५ ची नक्कल होती. होंडाने ती गाडी १९७० च्या दशकाच्या मध्यात काढली ती मुळी अशा ग्राहकांसाठी, जे ऑइल वेळेवर बदलणार नाहीत आणि गाडीवर पेलेल त्याहून जास्त ओझे लादतील. म्हणून तिच्यात टायमिंग चेन, म्हणजे कॅमशाफ्ट फिरवणारी साखळी, ठेवलीच नाही. कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह हलवणारा दांडा) खाली, गिअरवर फिरणारा, आणि व्हॉल्व्ह उघडायला पुशरॉड, म्हणजे वर ढकलणाऱ्या काड्या. जी वस्तू ढिली पडू शकते ती ठेवायचीच नाही, हा त्यामागचा विचार इतका पक्का आहे की नक्कल करणाऱ्यालाही तो सहजासहजी बिघडवता येत नाही. इंजिनाबाबतचा माझा अंदाज बरोबर होता आणि आजही बरोबर आहे. त्या इंजिनाने मला एकदाही रस्त्यात सोडले नाही.

आणखी एक गोष्ट स्वस्त गाडी घेणाऱ्यांना हसणाऱ्यांनी लक्षात ठेवावी. २००० च्या आसपास व्हिएतनाममध्ये स्वस्त चिनी मोटारसायकलींचा लोंढा आला, तेव्हा होंडाने २००२ मध्ये तिथे वेव्ह अल्फा ही बरीच स्वस्त गाडी आणली आणि तिच्यात चिनी सुटे भागही वापरले. त्याच्या आदल्या वर्षी चीनमध्ये होंडाने आपल्या गाड्यांच्या नकला करणाऱ्या एका कंपनीशीच भागीदारी केली होती. म्हणजे मोठ्या नावांनाही किंमत खाली आणता येते; फक्त कोणीतरी दुसरीकडून घेतल्याशिवाय ती आणावीशी वाटत नाही.

गाडी घरी आणल्यावर मी काय केले, हे विचारणाऱ्यांपैकी फार थोडे जण विचारतात, आणि खरे तर सगळ्या प्रकरणाची मेख तिथेच आहे. मी ती चालवलीच नाही. आधी सोडवता येईल तेवढी सोडवली. चाकांचे स्पोक आवळून रिमची आउट (डगमग) काढली, स्टिअरिंगच्या आणि स्विंगआर्मच्या (मागचे चाक धरणाऱ्या दांड्याच्या) जागी ग्रीस भरले (कारखान्यातून आलेले ग्रीस इतके थोडे होते की ते दाखवण्यापुरते असावे), व्हॉल्व्हचा गॅप तपासला, कठीण रबराचे टायर काढून टाकले आणि पहिले ऑइल लवकर बदलले. बोल्टच्या डोक्यावर ८.८ असा आकडा असेल तर त्याची ताणशक्ती किमान ८०० मेगापास्कल असते. माझ्या गाडीच्या अनेक बोल्टांवर काहीच आकडा नव्हता, ते मी बदलले. मागच्या स्प्रॉकेटचेही, म्हणजे चेन ज्यावर फिरते त्या दातेरी चक्राचेही, बदलले. हे पुढे महत्त्वाचे ठरते, म्हणून आताच नोंदवतो. अशी गाडी अर्धवट जोडलेली येते आणि उरलेले काम घेणाऱ्याने करायचे असते, असे धरले तरच तिची किंमत समजते. ज्याच्या हाताला पाना माहीत नाही, त्याला मी ती घ्या असे कधीच म्हणालो नाही. तरी माझ्याकडे बघून तशा दोघातिघांनी ती घेतली, आणि त्यांच्या तक्रारी माझ्या नावावर जमा झाल्या.

आता त्या हबविषयी, म्हणजे मागच्या चाकाच्या मधोमध असलेल्या भागाविषयी. तुमच्यापैकी बहुतेकांना 'गाडीचे चाक गेले' एवढेच ठाऊक आहे.

एका कारखान्याच्या मशीनच्या देखभालीचे काम तेव्हा माझ्याकडे होते. गणवेश शिवणारा कारखाना. हंगामात तिथे दिवसभर मशीन चालत, आणि एखाद्या मशीनच्या हुकचे टायमिंग (सुईशी असलेला मेळ) सरकले की पूर्ण ओळ खोळंबत असे. निरोप आला की मी अवजारांची पिशवी मागे बांधून निघायचो. त्या दिवशी चढावर मागच्या चाकातून कट-कट असा आवाज येऊ लागला. मला वाटले चेन ढिली झाली असेल. उतरून पाहिले, तर बोल्ट जागच्या जागी घट्ट होते, पण स्प्रॉकेट हाताने हलत होते. बोल्ट ज्यात बसतात ती ॲल्युमिनिअमच्या हबमधली भोके लांबट झाली होती, आणि एका भोकातून निघालेली चीर बेअरिंगच्या बैठकीपर्यंत पोहोचली होती. मी गाडी ढकलत खाली आणली. उतारावर जोरात असताना हे झाले असते तर, हा विचार मी त्या वेळी केला नाही. तो रात्री आला.

मला वाटले, हबच तर आहे. गाडी जिथून घेतली होती तिथे गेलो. त्यांनी माझ्याच मॉडेलचा हब मागवून दिला, पण त्याचा ब्रेक ड्रम ११० मिलिमीटरचा निघाला. माझा १३० चा होता, त्यामुळे ब्रेक प्लेट बसेना. तो परत केला. बऱ्याच प्रतीक्षेनंतर दुसरा आला. त्याचा ड्रम जुळला, पण स्प्रॉकेटची बैठक काही मिलिमीटर बाहेर होती, म्हणजे चेन तिरकी पळणार आणि दाते खाणार. मी काउंटरवर दोन्ही हब शेजारी ठेवून दाखवले, तेव्हा तो मुलगा म्हणाला, "काका, मॉडेल तर तेच आहे." तो खोटे बोलत नव्हता. मॉडेल तेच होते. अशा गाड्या जोडणारा कारखाना हब स्वतः ओतत नाही. त्या त्या खेपेला ज्या पुरवठादाराचा माल परवडला त्याचा तो बसवतो. इंजिन सगळीकडे एकच, कारण ते एकाच गाडीवरून उतरवलेले. पण हब, ब्रॅकेट, पेट्रोलचा कॉक या किरकोळ वाटणाऱ्या वस्तूंचे कोणतेही एक चित्र कोणा एकाकडे नसते. भागाला क्रमांकच नसेल, तर मागायचे तरी काय? मी गाडीची निवड करताना इंजिनाकडे बघितले, कारण सगळे जण इंजिनाकडेच बघतात. माझ्या गाडीचा पिस्टन कुठेही मिळाला असता. हब मिळेना.

या काळात मी कारखान्यात कधी बसने, कधी कोणाच्या मागे बसून जात होतो. पिशवी जड, बस वेळेवर नाही. निरोप सकाळी येई आणि मी दुपारी पोहोचे. एकदा मी पोहोचलो तेव्हा दुसराच माणूस मशीनखाली वाकलेला होता. मालकीणबाई ओरडल्या नाहीत. त्यांनी मला चहा दिला आणि म्हणाल्या, "तुमच्या कामाला नाव ठेवायला जागा नाही, पण तुम्ही कधी पोहोचाल हे आम्हाला सांगता येत नाही." त्यावर मला काहीही उत्तर सुचले नाही. ते काम गेले ते गेलेच. गाडीच्या किमतीत जे वाचले होते त्याहून ते मोठे होते. चारचौघांत विचारणाऱ्यांना हा हिशेब कळतो तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसते, ते मला आवडत नाही, म्हणून मी तो सांगायचे टाळत होतो.

शेवटी एका लेथवाल्याने दुसऱ्या हबची बैठक खरडून चेन सरळ रेषेत आणून दिली. त्यानेच जुन्या हबची चीर उघडून दाखवली. आत बारीक छिद्रे होती, ओतीवच सच्छिद्र होते. मी म्हणालो, म्हणजे हब मुळातच वाईट होता. तो म्हणाला, "असेल, पण तुम्ही बोल्ट इतके मजबूत घातले नसते, तर आधी बोल्ट तुटला असता आणि हब वाचला असता." यावर मी अजून विचार करतो आहे. बोल्ट तुटला असता तर स्प्रॉकेट निखळून चेन चाकात अडकू शकली असती, आणि मग हब वाचून काय उपयोग होता? शिवाय बोल्ट आकड्यावाचूनचे होते, ते बदलू नयेत असे कोणता जाणकार म्हणेल? तरीही तो माणूस मूर्ख नव्हता.

यानंतर मी नावाजलेल्या कंपनीची गाडी घेतली, तीही जुनी, कोणीतरी वापरलेली. तिच्या प्रत्येक भागाला क्रमांक आहे, सुट्या भागांच्या पुस्तकात चित्र आहे, आणि क्रमांक बदलला असेल तर जुन्याच्या जागी नवा कोणता, हेही लिहिलेले आहे. वाढीव किंमत या पुस्तकासाठी असते, असे मी आता म्हणतो. पण ती चिनी गाडी घेणारा पूर्वीचा मी आज समोर आला तर तो हसून विचारेल, की त्या पुस्तकात ऑइल सील वेगळे का नाही, पूर्ण असेंब्लीच का घ्यावी लागते? दोष कुठे आहे हे समजायला कंपनीचेच यंत्र का जोडावे लागते? मॉडेल बंद झाल्यावर काही वर्षांनी तोच काउंटरवाला "आता येत नाही" असे का सांगतो? या प्रश्नांना माझ्याकडे उत्तर नाही. तो पुढे असेही म्हणेल, की तुझे काम हबमुळे गेले नाही, दुसरे वाहन नसल्यामुळे गेले. आणि नावाजलेली गाडी अपघातात मोडून गॅरेजमध्ये पडली असती तरी तेच झाले असते. हा मुद्दा मी पूर्णपणे खोडू शकलेलो नाही. चिनी गाडी अजून माझ्याकडे आहे, इंजिन एका किकमध्ये सुरू होते, आणि जवळपासच्या कामांना मी तीच नेतो.

खालच्या आवाजात विचारणाऱ्यांपैकी एक तरुण मध्यंतरी आला होता. त्याला कामावर जायला गाडी हवी होती, आणि त्याच्यापुढचा पर्याय चिनी की नावाजलेली असा नव्हताच. चिनी की पायी, असा होता. नावाजलेली जुनी बघ, असे मी सुचवले, तर त्याच्या पैशांत येणाऱ्या जुन्या गाड्या मी स्वतःच नाकारल्या असत्या अशा होत्या. मी त्याला म्हणालो, पैसे देण्याआधी त्यांच्या काउंटरवर जा आणि याच मॉडेलचा मागचा हब आजच्या आज मिळेल का, एवढेच विचार. तो विचारून आला. काउंटरवरचे लोक हसले म्हणे. नवी गाडी घेण्याआधी हब कोण मागतो? हब नव्हता, मागवावा लागेल असे उत्तर मिळाले. तरी त्याने गाडी घेतली, आणि मी त्याला अडवले नाही. एका सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघांनी ती माझ्या दारात सोडवली, ग्रीस भरले, स्पोक आवळले, आकडा नसलेले बोल्ट बदलले. मागच्या स्प्रॉकेटचे चार बोल्ट मी हातात घेऊन बराच वेळ पाहिले आणि तेच परत बसवून त्याला दर आठवड्याला तपासायला सांगितले. का बदलले नाहीत, असे त्याने विचारले, तेव्हा लेथवाल्याचे म्हणणे मला पटले आहे असे मी त्याला सांगितले नाही, कारण ते पटलेले नाही.