आमची वाटचाल: काटापावतीपासून सर्टिफिकेटच्या तपासणीपर्यंत

जळगावच्या एमआयडीसीत आमची फर्म सुरू झाली ती जिनिंगवाल्यांसाठी. कापसाची गाडी काट्यावर चढली की वजन, भाव, शेतकऱ्याचं नाव आणि बँक खातं एकाच पावतीवर यावं, एवढंच काम. एका शेठचं पाहून दुसऱ्याने घेतलं. अमळनेर, धरणगाव, चोपडा, मग धुळे. पुढे मालकांना तेच आकडे आयफोनवर हवे होते, म्हणून अ‍ॅप केलं.

अ‍ॅप सर्व्हरशी बोलायचं ते एएफनेटवर्किंग या लायब्ररीतून, म्हणजे दुसऱ्यांनी लिहून ठेवलेल्या तयार कोडमधून. जगभरातल्या हजारो अ‍ॅप्समध्ये तीच होती. मार्च २०१५ मध्ये कळलं, की तिच्या २.५.१ आवृत्तीत सर्टिफिकेटची, म्हणजे सर्व्हरच्या डिजिटल ओळखपत्राची, तपासणी नीट होतच नाही. कुणीही घरी बनवलेलं सर्टिफिकेट पुढे केलं तरी चालतं.

लगेच ऑफिसात करून पाहिलं. फोनचं वाय-फाय लॅपटॉपमधून नेलं आणि मध्ये आमचंच खोटं सर्टिफिकेट लावलं. फोनमधल्या सफारी ब्राउझरने इशारा दिला. अ‍ॅप मात्र बिनदिक्कत चालू राहिलं आणि लॅपटॉपवर शेतकऱ्यांची नावं, खाते क्रमांक, चुकाऱ्याच्या रकमा ओळीने उतरू लागल्या. अमळनेरचे एक शेठ बसलेले होते. ते खुर्चीतून उठलेच, “भाऊ, हाई ते आमनं शे!” मधल्याला हे नुसतं वाचता येत नाही, बदलताही येतं. वर्षभराच्या कापसाचा पैसा भलत्याच खात्यात गेला असता, तर त्या शेतकऱ्याने कुणाकडे बघायचं?

२.५.२ मध्ये ती चूक दुरुस्त झाली, पण काम अर्धंच झालं होतं. सर्टिफिकेट खरं आहे का हे पाहिलं जायचं; ते आपल्याच सर्व्हरच्या नावाचं आहे का, ही तपासणी मुळात बंद होती. आधार कार्ड अस्सल, पण माणूस दुसराच, तसं. एप्रिलमध्ये २.५.३ आलं, तेव्हा तीही आपोआप होऊ लागली. नवं अ‍ॅप स्टोअरवर येईपर्यंत आम्ही एकेका मालकाला फोन करून सांगत होतो, की स्टेशनच्या, हॉटेलच्या वाय-फायवर अ‍ॅप उघडू नका.

तेव्हापासून खोट्या सर्टिफिकेटची आणि दुसऱ्याच नावाच्या खऱ्या सर्टिफिकेटची, अशा दोन्ही चाचण्या झाल्याशिवाय आमचं काहीही बाहेर जात नाही. काट्यावरच्या संगणकांतली पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेची आवृत्तीही तेव्हाच बदलली, २.७.९ च्या आधी तीसुद्धा सर्टिफिकेट आपणहून तपासत नव्हती. आता पतसंस्था आणि केळीचे व्यापारीही हीच तपासणी करून घ्यायला येतात. जिनिंगवाल्यांनी मात्र दसऱ्याआधी यावं. काटे सुरू झाले की कुणालाच उसंत नसते.