हँडलवाला स्टिरिओ की वायरवाला?

बूमबॉक्स (हँडलचा, बॅटरीवर चालणारा, एकाच खोक्यातला सेट) घ्यायचा की शेल्फ स्टिरिओ (प्लगवर चालणारा, सुट्या स्पीकरांचा सेट), हे बहुतेक जण वॉट बघून ठरवतात. तिथेच गडबड होते. आधी एकच ठरवा: सेट घराबाहेर खरंच किती वेळा जाणार आहे? हँडल आहे म्हणून सेट फिरत नाही. कितीतरी बूमबॉक्स जन्मभर एकाच कपाटावर चार्जर लावून बसलेले असतात. तुमचाही तसाच बसणार असेल, तर बॅटरी, हँडल आणि पाणी न शिरणारं खोकं यांचे पैसे भरून आवाज मात्र कमी प्रतीचा घेतला, असं होईल.

हा फरक कुठून येतो? पहिलं कारण साधी भूमिती. दोन स्पीकर आणि ऐकणारा यांचा समभुज त्रिकोण जमला की गायक मधोमध उभा राहतो, वाद्यं डावी-उजवीकडे आपापल्या जागी बसतात. शेल्फ स्टिरिओचे स्पीकर सुटे असल्यामुळे दोघांत दोन मीटर ठेवा, दोन मीटरवर बसा, काम झालं. बूमबॉक्सचे स्पीकर एकाच खोक्यात, साधारण ४५ सेंटिमीटरवर असतात. त्रिकोण जमवायचा तर सेटपासून ४५ सेंटिमीटरवरच तोंड आणून बसावं लागेल. दोन मीटर मागे गेलात की दोन्ही स्पीकर मिळून जेमतेम १३ अंशांचा कोन करतात. हवा असतो ६० अंशांच्या आसपास. कानाला तो जवळपास मोनोच, म्हणजे एकाच जागेवरून येणारा आवाज. काही सेटवर आवाज ‘रुंद’ करणारं बटण असतं. त्याने पसारा वाढतो खरा, पण गाणाऱ्याचा आवाज पोकळ होतो. ते बंदच ठेवलेलं बरं.

दुसरं कारण बेस, म्हणजे खालचे जाड सूर. लहान खोकं, खोलवर जाणारा बेस आणि थोड्या पॉवरवर मोठा आवाज या तिन्हींपैकी दोनच एका वेळी मिळतात, तिसऱ्यावर पाणी सोडावं लागतं. आजचे बूमबॉक्स ही कमतरता आतल्या चिपने झाकतात: आवाज कमी असताना बेस फुगवायचा, आवाज वाढला की वूफर (बेसचा मोठा स्पीकर) फाटू नये म्हणून तोच बेस गुपचूप कापायचा. म्हणून दुकानात मंद आवाजात ऐकून भुलू नका. ओळखीचं, बेस गिटार ठळक असलेलं गाणं आधी हळू लावा, मग तेच ८० टक्क्यांवर न्या. बेस गायब होऊन नुसता कर्कश मधला भाग उरला, तर सेटची खरी कुवत तेवढीच.

वॉटचं थोडक्यात. पीएमपीओचा (क्षणिक कमाल पॉवरचा) आकडा वाचूच नका, त्याला कसलंच पक्कं प्रमाण नाही. आरएमएस (सतत देता येणारी पॉवर) बघा आणि तो किती टक्के विकृतीवर मोजला आहे तेही बघा. १० टक्क्यांवर मोजलेला आकडा म्हणजे आवाज फाटायला लागल्यानंतरचा आकडा. पॉवर दुप्पट केली तर फक्त ३ डेसिबल वाढतात, आणि कानाला आवाज ‘दुप्पट’ वाटायला साधारण १० डेसिबल, म्हणजे दहापट पॉवर लागते. २० वॉट की ३० वॉट, यावर डोकं खाजवत बसण्यात अर्थ नाही.

उघड्यावर मात्र सगळं गणित बदलतं. तिथे आवाज परतवायला भिंती नसतात, अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल जातात, आणि बेस सगळ्यात आधी हरवतो. दहा-बारा माणसं मोकळ्या जागेत बसणार असतील तर प्लगला बांधलेला शेल्फ स्टिरिओ बिनकामाचा. तिथे बूमबॉक्सच हवा, आणि तोही मोठ्या अंगाचा.

बॅटरीच्या तासांचा दावा बहुतेक वेळा मध्यम आवाजावरचा असतो. स्वतः हिशेब करा: व्होल्ट गुणिले अँपिअर-तास म्हणजे वॉट-तास. ७.४ व्होल्ट आणि ५००० मिलिअँपिअर-तास म्हणजे ३७ वॉट-तास. सेट सरासरी ५ वॉट खात असेल तर सात तास, जोरात वाजवून १० वॉट खायला लागला तर साडेतीन. लिथियम बॅटरी पूर्ण रिकामी करून महिनोन्‌महिने ठेवू नका, निम्मी भरून ठेवा. मोठ्या डी सेलवर चालणाऱ्या जुन्या पद्धतीच्या सेटमध्ये ८ सेल म्हणजे १२ व्होल्ट, त्यात १.२ व्होल्टचे रिचार्जेबल सेल घातले तर ९.६ व्होल्टच मिळतात, आणि काही सेट तेवढ्यावर लवकर मान टाकतात. नवे-जुने सेल मिसळले की सगळ्यात अशक्त सेल उलटा चार्ज होऊन गळतो.

पाण्याबद्दल: खोक्यावर पाण्यापासून बचावाचा दर्जा लिहिलेला असतो; आयपीएक्स४ म्हणजे शिंतोडे, आयपीएक्स७ म्हणजे १ मीटर पाण्यात ३० मिनिटं. ही चाचणी गोड्या पाण्याची असते, खाऱ्या किंवा साबणाच्या पाण्याची नाही. चार्जिंगच्या तोंडावरचं रबरी झाकण नीट बसलं नाही, तर हा आकडा नुसता खोक्यावर छापण्यापुरता.

शेल्फ स्टिरिओ घेतलात तर निम्मी मेहनत मांडणीत आहे. ट्वीटर (बारीक सुरांचा छोटा स्पीकर) बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर हवा. स्पीकर भिंतीला चिकटवले की बेस फुगतो आणि कोपऱ्यात ढकलले की घुमतो. स्पीकरच्या मागे हवेचं भोक असेल तर भिंतीपासून २०-३० सेंटिमीटर मोकळे सोडा. ६ ओहमच्या (ओहम म्हणजे विजेला होणाऱ्या विरोधाचं माप) अँपला, म्हणजे स्पीकर चालवणाऱ्या खोक्याला, ४ ओहमचे स्पीकर जोडू नका, अँप तापतो. वायरचा एखादा मोकळा तंतू शेजारच्या टोकाला टेकला तरी शॉर्ट होतं, म्हणून सोललेलं टोक आधी पिळून घ्या.

लाल (अधिक) आणि काळ्या (उणे) वायरची अदलाबदल एकाच स्पीकरवर झाली तर सेट वाजतो, पण बेस पातळ होतो आणि गायक मधोमध न राहता खोलीभर तरंगतो. वायरवर खूण नसेल तर ती अँपमधून काढा आणि टोकांना १.५ व्होल्टचा पेन्सिल सेल क्षणभर टेकवा. वूफरचा पडदा बाहेर आला तर सेलच्या अधिक टोकाला लागलेली वायर लाल समजायची. आत गेला तर उलट.

दोन्हींच्या मधला मार्गही आहे: एकाच मॉडेलचे दोन पोर्टेबल स्पीकर जोडी करून वापरणे. स्टिरिओ खरा मिळतो, मात्र दोन चार्जर सांभाळावे लागतात आणि वेगवेगळ्या मॉडेलची जोडी सहसा जमत नाही. टीव्हीला जोडायचं असेल तर ब्लूटूथवर ओठ आणि शब्द यांचा मेळ चुकतो, तिथे वायरच हवी.

जुना सेट घेत असाल तर कॅसेट लावून ऐका. सूर लहरत असेल तर बेल्ट (टेप फिरवणारा रबरी पट्टा) ढिला आहे किंवा वितळून डांबरासारखा झाला आहे. टेप गुंडाळून खात असेल तर पिंच रोलर (टेप दाबून पुढे ओढणारं रबरी चाक) बघा; गुळगुळीत चकाकत असेल तर रबर कडक झालं. हेडवर (टेप वाचणाऱ्या भागावर) तपकिरी थर असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापसाच्या काडीने पुसून पुन्हा ऐका, ट्रेबल (बारीक सूर) परत येतो. वूफरची कडा फोमची असेल तर बोट अलगद लावा. भुसा हाताला आला तर कडा बदलण्याचा खर्च किमतीतून वजा करा. बूमबॉक्समध्ये सेलचा कप्पा उघडायला विसरू नका. स्प्रिंगवर पांढरा थर असेल तर तो व्हिनेगरच्या बोळ्याने निघतो. हिरवट गंज सर्किटपर्यंत पोचला असेल, तर सेट तिथेच ठेवून या.