क्विल्टची मागची बाजू

आमच्या गिल्डच्या, म्हणजे क्विल्ट करणाऱ्यांच्या मंडळाच्या बैठकीत मी माझं पहिलं क्विल्ट, म्हणजे इकडची गोधडी, दाखवलं, त्या संध्याकाळपासून सांगते. दोघीजणी वरची टोकं धरून उभ्या होत्या, समोर पन्नास-साठ बायका आणि चार-पाच पुरुष. टाळ्या झाल्या. मग आमच्यातल्या सगळ्यांत वडीलधाऱ्या, ब्याऐंशी वर्षांच्या बाई उठल्या आणि थेट क्विल्टच्या मागे गेल्या. खालचा कोपरा उलटून बघितला आणि मला म्हणाल्या, "तुझं नाव कुठंय?"

इथे अमेरिकेतल्या केंटकी राज्यात वयाने मोठ्या बाईला ‘मिस’ लावून पहिल्या नावाने हाक मारायची पद्धत आहे. मीही तशीच मारते, पण मनातल्या मनात त्या माझ्या आजीच आहेत. त्यांनी त्या दिवशी बजावलं, की लेबल लावल्याशिवाय क्विल्ट पूर्ण झालं असं म्हणायचंच नाही. कोणी केलं, कोणासाठी, कुठे, कोणत्या वर्षी, एवढं तरी मागे लिहिलेलं हवंच.

गिल्ड म्हणजे महिन्यातून एक मोठी बैठक आणि दर मंगळवारी आपापलं मशीन घेऊन एकत्र बसणं. केंटकीतल्या लुईव्हिल शहरात आल्यावर पहिलं दीड वर्ष मी घरातच होते. वाचनालयातल्या फळ्यावर मंगळवारच्या शिवणाची चिठ्ठी दिसली आणि गेले. क्विल्ट म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे गोधडी येते, आणि ते बरोबरच आहे: वरचं कापड, मधली भरण, खाली अस्तर, आणि तिन्ही थर धरून ठेवणारा धावदोरा. फरक आहे तो वरच्या थरात. इथे तो थर लहान लहान तुकडे मोजून-मापून जोडत तयार करतात, आणि त्यातलं सगळं गणित कापडाच्या कडेपासून पाव इंच आत घातलेल्या शिवणीवर उभं असतं.

हे मला उसवूनच कळलं. आठ तुकड्यांची एक ओळ शिवली होती, दुसऱ्या ओळीशी जुळेचना. आजींनी पट्टी लावली. माझी प्रत्येक शिवण इंचाचा फक्त सोळावा भाग जास्त आत गेली होती. पण शिवणीच्या दोन्ही बाजूंचं कापड तेवढं तेवढं जातं, म्हणजे एका शिवणीला अष्टमांश इंच. आणि आठ तुकड्यांत शिवणी सात. जवळजवळ एक इंच ओळ आखूड! त्या रागावल्या नाहीत. उसवायचा आकडा माझ्या हातात दिला, दुसरा स्वतः घेतला, आणि ओळीच्या दुसऱ्या टोकापासून त्याही उसवायला बसल्या.

दर एप्रिलमध्ये आम्ही सात-आठजणी पडूकाला क्विल्टच्या प्रदर्शनाला जातो. लुईव्हिलहून गाडीने साडेतीन-चार तास. वाटेत घड्याळ एक तास मागे करावं लागतं, कारण केंटकी राज्य दोन वेळांमध्ये विभागलेलं आहे. ओहायो आणि टेनेसी या नद्यांच्या संगमावरचं हे छोटं शहर क्विल्टवाल्यांची पंढरी आहे. तिथलं राष्ट्रीय क्विल्ट संग्रहालय 1991 मध्ये उघडलं, आणि 2013 मध्ये हस्तकला व लोककलांसाठी युनेस्कोने पडूकाला सर्जनशील शहरांच्या यादीत घेतलं. एप्रिलच्या त्या आठवड्यात जिकडे बघावं तिकडे क्विल्टवाल्या. प्रदर्शनात क्विल्टला हात लावायची परवानगी नसते. पांढरे हातमोजे घातलेल्या स्वयंसेविका असतात, त्यांना विनंती केली की त्या हलकेच कडा उचलून मागची बाजू दाखवतात. मी पहिल्या वर्षी रंगच बघत फिरले. आता मीही आधी मागची बाजू बघायला मागते. टाके सारखे आहेत का, गाठी आत दडवल्यात का, आणि नाव.

जुन्या क्विल्टांवर मात्र बहुतेक वेळा नाव नसतं. संग्रहालयांमध्ये किती पाट्यांवर ‘कर्ती अज्ञात’ असं वाचावं लागतं! 1981 मध्ये याच केंटकीत लोकांना घरातली जुनी क्विल्टं घेऊन बोलावलं, त्यांचे फोटो काढले, माहिती टिपून घेतली. पुढे एकेक करत इतर राज्यांनीही हे काम हाती घेतलं. त्याच्याही कितीतरी आधी, 1840 च्या दशकात, मैत्रीच्या क्विल्टांची मोठी चाल होती. अमेरिकेच्या पश्चिमेकडे राहायला निघालेल्या बाईसाठी बहिणी, शेजारणी एकेक चौकट, म्हणजे क्विल्टचा एक चौकोन, शिवायच्या आणि तिच्यावर शाईने आपलं नाव घालायच्या. पुन्हा भेट होईल याची खात्री नसायची. दूरदेशी राहणाऱ्या माझ्यासारखीला ही क्विल्टं बघताना भरून येतं.

गेल्या हिवाळ्यात आमच्यातली एक गेली. मंगळवारी माझ्या शेजारच्या टेबलावर बसायची. तिच्या मुलीने कापडाची अकरा खोकी आणून दिली. एका खोक्यात ‘ओहायो स्टार’ या चांदणीच्या नक्षीच्या निळ्या-पांढऱ्या चौकटी निघाल्या. लागणार होत्या तीस, शिवून झालेल्या सव्वीस. उरलेल्या चारांचे तुकडे कापून पिशवीत भरलेले, वर टाचणीने चिठ्ठी: ‘शेवटच्या चार’.

त्या चार चौकटी चौघींनी वाटून घेतल्या. माझी शिवून झाली, पण तिच्या चौकटीशेजारी ठेवली तर किंचित मोठी. मी पुन्हा मोजली, पाव इंच अगदी बरोबर होता. आजींनी तिच्या चौकटीची शिवण उलटून पट्टी लावली. तिचाच हात जरा जास्त आत जायचा, सव्वीसच्या सव्वीस चौकटींत. कोणीतरी म्हणालं, तिच्या उसवून नीट करू या. आजी म्हणाल्या, "नाही. इथून पुढे तिचा पाव इंच तोच आपला पाव इंच." मी माझी चौकट उसवली आणि मशीनची सुई कणभर सरकवून पुन्हा शिवली. आता बरोबर बसली.

मग सगळ्या चौकटी जोडून तयार झालेलं क्विल्ट मोठ्या लाकडी फ्रेमवर ताणून आम्ही पाचजणी तीन महिने दर मंगळवारी हाताने धावदोरा घालत होतो. एक हात वर, एक खाली, वरच्या बोटात अंगुस्तान. खालच्या बोटाला सुईचं टोक टोचलं की समजायचं टाका आरपार गेला. फार बोलणं व्हायचं नाही, पण तिची खुर्ची कोणी हलवली नाही.

लेबल लिहायचं काम माझ्याकडे आलं. कापडावर लिहिताना ते ताणलं जातं, म्हणून मागे फ्रीझर पेपर इस्त्रीने चिकटवला आणि धुऊन न जाणाऱ्या शाईच्या पेनाने आधी तिचं नाव लिहिलं: चौकटी तिच्या. खाली आम्हा सगळ्यांची नावं, गाव, वर्ष. कोपऱ्यात बारीक टाक्यांनी बसवलं.

मुलगी न्यायला आली तेव्हा तिने क्विल्ट छातीशी धरलं, मग कोपरा उलटून एकेक नाव मोठ्याने वाचायला लागली. माझ्या नावाशी अडखळली. मी उच्चार सांगितला. तिने दोनदा चुकीचा म्हटला, तिसऱ्यांदा बरोबर म्हटला, आणि मग पुढचं नाव वाचलं.