हळदीचं पाणी

गाडी बघायला जाताना माणूस लायसन्स घेतो, चेकबुक घेतो, फार तर गाड्यांतलं कळणारा एखादा मेहुणा घेतो. आमच्या हिनं पातेलं घेतलं. स्टीलचं, पंधरा लिटरचं, ज्यात रोज पांढरा रस्सा होतो ते.

शोरूम शिरोलीच्या बाजूला, हायवेला लागून. मे महिना आणि दुपारचे तीन, कारण एमआयडीसीतले डबे पोचवून झाल्याशिवाय आम्हाला सवड नसते. शोरूममधला मुलगा चांगला होता. गार पाणी दिलं, हिला पंख्याखालची खुर्ची दिली आणि पेलोड, मायलेज, हप्ता, सगळं माझ्याकडे बघून सांगितलं. धंदा हिचा, पैसे हिचे, चालवणार ही, पण आकडे मला. मीही समजल्यासारखी मान हलवत होतो. तोवर ही बंद व्हॅनचं मागचं दार उघडून आत शिरली होती आणि डब्यांचे किती क्रेट बसतील ते वितीनं मोजत होती.

"नळ कुठं आहे हो?" तिनं आतूनच विचारलं.

पातेलं काठाच्या चार बोटं खाली येईतो भरलं. मग पर्समधून कागदाची पुडी निघाली. हळद. मुलगा जरा गोंधळला. "मॅडम, पूजा डिलिव्हरीच्या दिवशी असते. आज नुसती टेस्ट ड्राइव्ह."

"पूजा नाही. रस्सा किती वर चढतोय ते बघायचंय. पातेल्यावर पिवळं दिसतं."

हे मला खरोखर पटलं. रिकाम्या गाडीची टेस्ट ड्राइव्ह म्हणजे कांदेपोह्यांचा कार्यक्रम. मुलगा इस्त्रीचा शर्ट घालून गप्प बसलेला असतो. त्याच्या पाठीवर पोतं टाकून कुणी बघत नाही. चार वर्षं आम्ही डबे स्कूटरवर आणि मोठी ऑर्डर असली की भाड्याच्या छोट्या हत्तीतून नेले. छोटा हत्ती इमानी जनावर, पण लग्नसराईत तो मंडपवाल्याचा होतो आणि आपण रस्त्यावर. शिवाय तांबड्या रश्श्याचा कट हौद्यात सांडला की पुढचे आठ दिवस तो गाडीवाला फोन उचलत नाही.

पुढे सीट दोनच. एकीवर ही, दुसरीवर तो मुलगा. राहिलो मी आणि पातेलं.

"साहेब, मागं माणूस बसवायला परवानगी नाही."

"मग तुम्ही पातेलं धरता का?" ही म्हणाली.

त्यानं आपल्या पांढऱ्या शर्टाकडे बघितलं, माझ्या पांढऱ्या शर्टाकडे बघितलं, आणि मागचं दार लावून घेतलं. बाहेरून.

बंद व्हॅनमध्ये मागे खिडकी नसते. दाराच्या फटीतून उजेडाची एक काडी आत येत होती, बाकी अंधार, नव्या रंगाचा वास आणि तापलेला पत्रा. मी मांडी घातली, पातेलं दोन्ही हातांनी कवेत घेतलं, आणि गाडी निघाली तशी एकदम चाळीस वर्षं मागे गेलो. यात माझा काही इलाज नव्हता. हौद्यात बसलं की मला इस्लामपूर आठवतं.

वडिलांची बदली कोल्हापूरला झाली तेव्हा सामान न्यायला टेम्पो आला होता. खरा टेम्पो. पुढे एकच चाक, नाकाड बाहेर काढलेलं, आणि आवाज असा की आख्खी आळी निरोपाला बाहेर यावी. आता आपण चार चाकांच्या, सहा चाकांच्या कशालाही टेम्पो म्हणतो. तो मुळात जर्मन कंपनीचा ब्रँड होता, हे आपण विसरून गेलो. पुण्याच्या बजाज टेम्पोनं तो इथं इतका रुजवला की शब्द आपल्याच मातीतला वाटायला लागला. गंमत अशी, की २००५ साली त्या कंपनीनं नाव बदलून फोर्स मोटर्स केलं, म्हणजे नावातून टेम्पो काढला, आणि त्याच साली टाटांचा एस बाजारात आला. दोन सिलिंडरचं ७०२ सीसीचं डिझेल इंजिन, अवघ्या सोळा हॉर्सपॉवरचं. त्याला लोकांनी हत्ती करून टाकलं. कंपन्यांनी नावं खुशाल ठेवावीत. बारसं शेवटी गल्लीच करते.

तर, वडील पुढे ड्रायव्हरजवळ. रस्ता दाखवायला म्हणून. कोल्हापूरला जाणारा सरळ हायवे, त्यात दाखवायचं काय, हे आईनं तेव्हा विचारलं नाही. ती, मी आणि धाकटी बहीण मागे, गाद्यांच्या वळकट्यांवर. आईच्या मांडीत लोणच्याची बरणी. कपाट दोरीनं बांधलं, देव टोपलीत घातले, शिलाई मशीन गोधडीत गुंडाळलं, पण बरणी तिनं कुणाच्या हाती दिली नाही. तोंडाला फडकं बांधलेलं, दोन्ही हात बरणीभोवती. हौद्यातून रस्ता उलटा दिसतो. पुढचं काहीच दिसत नाही, मागचं तेवढं सुटत जाताना दिसतं. आधी शाळा गेली, मग पिठाची गिरणी, मग ओळखीचं काही उरलंच नाही.

वारणेचा पूल आला तसं आई म्हणाली, "कमरेची चंची काढ. दहा पैसे टाक नदीला." तिचे हात गुंतलेले. मी नाणं काढलं, जोर लावून फेकलं, आणि ते कठड्याला लागून परत पुलावरच टणकन पडलं. टेम्पो पुढे. मी रडायच्या बेतात.

"राहू दे," आई म्हणाली. "नदीनं ऐकलं."

इथं पहिला गतिरोधक आला आणि हळदीचं पाणी माझ्या छातीवर.

दुसऱ्याला गुडघ्यांवर. तिसऱ्यानंतर मी मोजणं सोडलं. पुढून आवाज येत होते, अर्धे इंजिनात विरलेले. हिची तक्रार की सीटखाली इंजिन आहे, बूड भाजतंय. त्याचं म्हणणं, मॅडम, सवय होते. मग तावडे हॉटेलपाशी वळायचं ठरलेलं असताना ही कावळा नाक्याकडे गेली असावी, कारण तो एकदम "मॅडम, मॅडम" करायला लागला आणि गिअर कळवळला.

परत येऊन दार उघडलं तेव्हा पातेल्यात कडेनं वीतभर पिवळा पट्टा उमटला होता आणि तितकाच माझ्यावर. मुलगा कळकळीनं सांगत होता, आणि त्याचं म्हणणं खरंही होतं. मालवाहू गाडीची मागची सस्पेन्शन ओझ्याच्या हिशेबानं कडक केलेली असते. रिकामी गाडी उड्या मारते, माल भरला की ती बसते, शहाण्यासारखी चालते.

"मग माल भरून द्या की," ही म्हणाली.

त्यावर त्याच्याकडे उत्तर नव्हतं. साहेबांना विचारतो म्हणाला. आम्ही पुढच्या बुधवारी येतो म्हणालो, क्रेट घेऊन. शर्ट घरी साबणानं धुतला तर डाग लाल झाले. उन्हात घातलाय.

एक सांगायचं राहिलं. परत येताना मधे चाकांचा आवाज बदलला. ठराविक अंतरानं धप, धप. पुलाचे जोड. म्हणजे पंचगंगा. बाहेरचं काही दिसत नव्हतं. वरच्या खिशात सुट्टे होते, दोन रुपयांचं एक नाणं तर शर्टाला टोचतही होतं. दोन्ही हात पातेल्याला.

"आई, पूल," मी म्हणालो. मोठ्यानं नाही.